पाहुण्यांना न दिसणारी युद्धनौका

नौदल दिनाच्या, म्हणजे ४ डिसेंबरच्या आगेमागे मुंबईच्या नौदल गोदीत धक्क्याला लागलेल्या युद्धनौका शाळकरी मुलांना आणि नागरिकांना पाहण्यासाठी खुल्या केल्या जातात. रांग मोठी असते, वेळ थोडा. गँगवेवरून डेकवर पाऊल टाकले की नजर जाते ती पुढच्या तोफेकडे. ‘ब्राह्मोस’ क्षेपणास्त्रे डेकखालच्या उभ्या कोठ्यांत असल्याने त्यांची केवळ झाकणे दिसतात. मग मागच्या बाजूचा हेलिकॉप्टरचा हँगर, एखादे छायाचित्र आणि परतीची वाट. त्या झाकणांच्याही खाली वसलेले माणसांचे गाव पाहुण्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

‘आयएनएस विशाखापट्टणम’चेच उदाहरण घ्यावे. माझगाव गोदीत बांधलेली आणि २१ नोव्हेंबर २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झालेली ही विनाशिका १६३ मीटर लांब, ७,४०० टन वजनाची आहे. चार गॅस टर्बाइनांच्या बळावर ती ताशी ३० सागरी मैलांचा वेग गाठते. तिच्यावर राहतात सुमारे तीनशे जण. एवढ्या मोठ्या नौकेवर तीनशे म्हणजे ऐसपैस जागा, असे वाटेल. पण बहुतेक जागा इंजिने, इंधन, दारूगोळा आणि केबल यांनी व्यापलेली असते. नौसैनिकाच्या वाट्याला येतो एकावर एक रचलेल्या बंकांपैकी एक बंक आणि सामानासाठी छोटा लॉकर. खिडकी नाही. रासायनिक वा आण्विक हल्ल्यातही आतली हवा शुद्ध राहावी म्हणून ती गाळूनच घेतली जाते. गोडे पाणी समुद्राच्याच पाण्यापासून नौकेवर तयार होते आणि ते जपून वापरावे लागते.

दिवस सूर्यावर नव्हे, ‘वॉच’वर चालतो. वॉच म्हणजे साधारण चार तासांची पाळी. संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे मात्र दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात. त्यामुळे पाळ्यांची संख्या विषम होते आणि मध्यरात्रीची पाळी रोज एकाच्याच माथी येत नाही. ही युक्ती शिडाच्या जहाजांच्या काळातली, आजही तितकीच उपयोगी. पाळी संपली की झोप, असे मात्र नाही. देखभाल, साफसफाई, कवायती आणि अवेळी वाजणारा धोक्याचा इशारा यांतून उरेल ती झोप. डिसेंबर २०१९मध्ये हेरगिरीचे प्रकरण उघडकीस आल्यावर नौदलाने युद्धनौका, तळ आणि गोद्यांत स्मार्टफोन व फेसबुकच्या वापरावर बंदी घातली. निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होता. पण घरापासूनचे अंतर त्याने आणखी वाढवले, हेही खरे.

या जीवनाची कसोटी अलीकडे लागली ती एडनच्या आखातात. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी असे कर्मचारी होते. ‘विशाखापट्टणम’वरून गेलेल्या दहा जणांच्या पथकाने त्यांच्या साथीने सुमारे सहा तास झुंजून ती आग आटोक्यात आणली. हे दहा जण केवळ अग्निशमनासाठी नेमलेले नव्हते. युद्धनौकेवर स्वयंपाकी असो वा रडारचालक, प्रत्येकाला आग विझवण्याचे आणि फुटलेला कक्ष बंद करण्याचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. समुद्रात अग्निशमन दलाचा बंब बोलावता येत नाही. त्याच मोहिमेत मार्चअखेर पहिल्या शंभर दिवसांत २१हून अधिक युद्धनौका आणि पाच हजारांहून अधिक नौसैनिक तैनात झाले होते.

मग अवघ्या सहा महिन्यांत मुंबईत जे घडले त्याचा अर्थ कसा लावायचा? २१ जुलै २०२४च्या संध्याकाळी दुरुस्तीसाठी नौदल गोदीत असलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आग आटोक्यात आली, पण दुपारी नौका एका बाजूला कलंडली आणि एका नौसैनिकाचा बळी गेला. दूरच्या समुद्रात परक्या जहाजाची आग विझवणाऱ्या दलाची स्वतःची नौका घरच्या धक्क्यावर आडवी व्हावी, हा विरोधाभास झोंबणारा आहे.

शिवाय ही पहिली वेळ नव्हे. ऑगस्ट २०१३मध्ये ‘सिंधुरक्षक’ पाणबुडी याच गोदीत स्फोटांनी बुडाली; १८ जण गेले. डिसेंबर २०१६मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’च्याच वर्गातली ‘बेतवा’ सुक्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली, दोघे गेले. जानेवारी २०२२मध्ये ‘रणवीर’च्या एका अंतर्गत कक्षातील स्फोटात तिघे मृत्युमुखी पडले. खुल्या समुद्रात नव्हे, तर सुरक्षित समजल्या जाणाऱ्या मुंबई बंदरात.

कारण अनाकलनीय नाही. दुरुस्तीतली नौका ही अर्धी नौका असते. जलरोधक दारांतून केबल आणि नळ्या ओढलेल्या असतात, ती तातडीने लावता येत नाहीत. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात, बाहेरचे कामगार ये-जा करतात, निम्म्या यंत्रणा उघड्या पडलेल्या असतात. नौकेची नस न् नस जाणणारा ताफा मात्र रजेवर, प्रशिक्षणाला किंवा दुसऱ्या नौकेवर गेलेला असतो. अमेरिकेसारख्या धनाढ्य नौदलालाही हा धडा महागात पडला. जुलै २०२०मध्ये सॅन डिएगोत दुरुस्तीला असलेली ‘बॉनहोम रिचर्ड’ दिवसेंदिवस जळत राहिली आणि शेवटी भंगारात काढावी लागली. तिच्यावरील ८७ टक्के अग्निशमन केंद्रे दुरुस्तीमुळे निष्क्रिय होती, असे चौकशीत निष्पन्न झाले.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. सव्वाशे मीटर लांबीच्या ‘ब्रह्मपुत्रा’वर ४० अधिकारी आणि ३३० नौसैनिकांची सोय होती. जानेवारी २०२५मध्ये दाखल झालेली ‘निलगिरी’ तिच्याहून बरीच मोठी असूनही सव्वादोनशेच्या आसपास माणसांत चालते. स्वयंचलित यंत्रणांनी हे साधले आणि माणसामागे थोडी अधिक जागाही मिळाली. डिसेंबर २०२३मध्ये दाखल झालेल्या ‘इम्फाळ’वर तर महिला अधिकारी व नौसैनिकांसाठी निवासाची सोय आराखड्यातच होती. त्याच सुमारास मुंबईच्या प्रेरणा देवस्थळी यांची युद्धनौकेचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला म्हणून ‘त्रिंकट’वर नियुक्ती झाली. हे बदल स्वागतार्हच. परंतु यंत्र होज धरून धुराने भरलेल्या शिडीवरून खाली उतरत नाही. कमी माणसे म्हणजे आगीशी झुंजणारे कमी हात, आणि दुरुस्तीच्या काळात तर त्याहूनही कमी. त्यातच दहा हजारांहून अधिक नौसैनिकांची पदे रिक्त असल्याचे २०२३मध्ये संसदेत सांगण्यात आले होते.

नव्या नौकेच्या जलावतरणाला मंत्री येतात, दूरचित्रवाणीचे कॅमेरे येतात. जुनी नौका दुरुस्तीला जाते तेव्हा कोणीच येत नाही. तिच्यावर रात्रपाळीला किती जण असावेत, यावर संसदेत चर्चा घडल्याचेही फारसे दिसत नाही. ‘कोलकाता’ वर्गातली पहिली विनाशिका ऑगस्ट २०१४मध्ये दाखल झाली. म्हणजे तिची दहा वर्षे उलटली. मार्च २०२४मध्ये सोमालियाच्या ३५ चाच्यांना सुमारे ४० तासांच्या मोहिमेनंतर शरण आणून मुंबईला घेऊन आली ती हीच नौका. मोठ्या दुरुस्तीसाठी जेव्हा ती धक्क्याला लागेल, तेव्हा तिच्या अग्निशमन नळांत पाणी खेळते राहील काय आणि तिची वाट डोळे मिटून ओळखणारे किती नौसैनिक त्या रात्री तिच्यावर असतील, याचा हिशेब आजच मांडता येण्याजोगा आहे.