आधी पाणी ठरवा, मग होडी

मंडळी, या वेळचा लेख दोन आठवडे उशिरा येतोय. कारण ते दोन्ही वीकेंड मी देवबागला एका होडीखाली आडवा पडून घालवले. पुण्यात क्युबिकलमध्ये बसणाऱ्या माणसाला पाठ नावाचा अवयव असतो हे त्यामुळे नव्याने कळलं. असो.

होडी आजोबांची. अठरा फुटांची, लाकडी, एका बाजूला उलांडी असलेली. (उलांडी म्हणजे आडव्या दांड्यांनी होडीला जोडलेला ओंडका. होडी कलंडू नये म्हणून.) आजोबा गेल्यापासून ती झावळ्यांखाली पडून होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात तिच्यावर माड पडला. उलांडी मोडली, दोन फळ्या फुटल्या. यंदा बोनस हातात आला आणि मी जाहीर करून टाकलं, "आपण आजोबांची होडी दुरुस्त करूया!"

चुलतभाऊ खूश झाला. काका मात्र विडी विझवत एवढंच म्हणाले, "पैसे घालतंस ता बरा केलंस. पण होडी खय घालतलंस?"

मला वाटलं, काय प्रश्न आहे! देवबागला पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. इथे पाण्याला काय तोटा? म्हणजे मी रिक्वायरमेंट न विचारताच कोडिंगला बसलो होतो. आमच्या धंद्यात अशा माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

पहिला दणका लगेच बसला. मी पुण्याहून फटी बुजवायला एपॉक्सीच्या ट्यूबा नेल्या होत्या. मेस्त्रींनी त्या हातात घेऊन उलटसुलट बघितल्या आणि सरळ बाजूला ठेवल्या. लाकूड कोरडं पडलं की आकसतं, फटी दिसतात. पाण्यात गेलं की फुगतं, फटी आपोआप मिटतात. त्या फटीत दगडासारखं काहीतरी ठासून ठेवलं तर फुगणाऱ्या फळीला जागाच राहत नाही. मग ती दुसरीकडे कुठेतरी फुटते. म्हणून फटीत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. दबणारी वस्तू हवी.

फायबरचा मुलामा द्यायची माझी दुसरी आयडियाही अशीच बाद झाली. नवी होडी पूर्ण फायबरची घेतली तर उत्तमच, हल्ली बहुतेक जण तेच करतात. पण जुन्या लाकडावर फायबर चढवलं की आतली ओल आतच अडकते. वरून होडी चकचकीत आणि आतून लाकूड कुजतंय. (लेगसी सिस्टिमवर नवा यूआय चढवणाऱ्या लोकांनी इथे जरा थांबून विचार करावा.)

पण खरा वाद पुढे होता, आणि तो घरातलाच.

चुलतभाऊ म्हणाला, "मागे इंजिन लावूया. संगमापर्यंत पर्यटक फिरवतलव. डॉल्फिन दाखवतलव. वर्षभरात खर्च वसूल." त्याचं काही चुकत नव्हतं. मी पुण्याच्या पगारावर आठवणी दुरुस्त करायला आलेलो. तो तिथे राहतो, पर्यटनाच्या चार महिन्यांवर त्याचं वर्ष चालतं. माझ्या हौसेपेक्षा त्याची गरज मोठी आहे, हे मला मान्यच आहे.

तरीही मी नाही म्हणालो. कारण सांगतो.

ही होडी जाळ्यासाठी बांधलेली. जाळं आणि मासळी होडीच्या पोटात, अगदी तळाशी बसतात. वजन जितकं खाली, तितकी होडी स्थिर. पर्यटक फळीवर उंच बसतो. त्यात डॉल्फिन दिसला की आठही जण एकदम उठून एकाच बाजूला धावतात! बारावीच्या फिजिक्समधला गुरुत्वमध्य आठवून बघा. शिवाय इंजिनाचं वजन आणि धक्का मागच्या टोकावर येणार, आणि ते टोक त्यासाठी बनवलेलंच नाही.

त्यातून संगमाचं पाणी. कर्ली जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी जोरात बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते. दोघांची गाठ पडते तिथे लाट उभी राहून फुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर विचारूच नका. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जीव गेले. ती बोट वेगळी, कारणं वेगळी असतील. पण माणसं भरायची तर त्यासाठीच बांधलेली, तपासलेली, परवाना असलेली बोट हवी. लाइफ जॅकेट हवीत. आजोबांच्या नावावर भावनिक सूट मागता येत नाही.

मग राहिली खाडी. आणि इथे मला वाटलेलं काका नाराज होतील. ज्या माणसाने आयुष्यभर समुद्र केला त्याला खाडीत घालणं म्हणजे डिमोशनच नाही का? मी भीतभीत विषय काढला तर काका हसले. "खाडी म्हणजे काय कमी? मोठी गलबतां पण दुरुस्तीक खाडयेतच येत." खरंच आहे. मराठा आरमाराची गोदी विजयदुर्गाजवळ गिर्येला, वाघोटणच्या खाडीतच आहे.

खाडीचा एक फायदा तर मला पुस्तकात वाचल्यावर कळला. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक जीव असतो. दिसतो अळीसारखा, पण असतो शिंपल्यांच्या जातीतला. गोड्या पाण्यात तो फार तगत नाही. त्यामुळे लाकडी होडी अधूनमधून खाडीत वर, गोड्या पाण्याकडे नेऊन ठेवली की हा भाडेकरू आपोआप जातो. पाणी निवडणं हाच दुरुस्तीचा अर्धा भाग, तो असा.

खाडी ठरली तशी बाकीची कामं भराभर ठरली. इंजिन नको, वल्ही पुरे. शीड नको. उलांडी नवी, पण हलकी. फळ्या दोनच बदलायच्या. खर्च मी धरला होता त्याच्या निम्म्यावर आला. आधी काकांचा प्रश्न नीट ऐकला असता तर ट्यूबांचे पैसेही वाचले असते.

होडी पाण्यात घातली त्या दिवशी ती तळापासून गळायला लागली. मी बादली घेऊन धावलो. काका म्हणाले, "गप ऱ्हव. तहानलेली हा ती. पिऊंदे तिका." कडेच्या उथळ पाण्यात ती दोन दिवस जवळजवळ बुडून राहिली. तिसऱ्या दिवशी उपसली, आणि थेंब नाही!

आता अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असते तेव्हा काका ती घेऊन कांदळवनाच्या कडेने जातात. पाग टाकतात. दोन-चार शेवटे मिळतात, तेवढे घरात पुरतात. चुलतभाऊ अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. त्याच्या नव्या बोटीच्या कर्जाला मी जामीन राहतोय, तेव्हा बघू.

माझं म्हणणं एवढंच. जुनी वस्तू दुरुस्त करायला घेताना पहिला प्रश्न पैशाचा नसतो, कौशल्याचाही नसतो. ती उद्या कुठल्या पाण्यात उतरणार, हा असतो. त्याचं उत्तर नसेल तर ती झावळ्यांखालीच बरी.

पुढच्या महिन्यात पुन्हा चाललोय. उलांडीच्या दोऱ्या बदलायच्या आहेत. पाठीचं बघू.