कॅम्पेनला शिवकाल नको, सन १६०० घ्या!

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्सचा नवा ग्रुप जमला की पहिलं भांडण ठरलेलं: कॅम्पेन कुठल्या काळात खेळायचं? निम्मे म्हणतात, पुस्तकातलं युरोपच बरं, सगळं रेडीमेड मिळतं. उरलेले छाती फुगवून म्हणतात, "आपल्याकडे शिवकाल असताना परक्यांचं कशाला?" माझ्या मते दोन्ही पर्याय बाद.

युरोपबद्दल फार बोलत नाही. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ आणला, तेव्हा त्यांचं मध्ययुगच मुळी अर्धं कादंबऱ्यांतलं होतं. आपण त्याची झेरॉक्स काढतो. कोथरूडचा एल्फ बघवत नाही, राव!

शिवकालाचं दुखणं वेगळं आहे. रोलप्लेइंगला दोन गोष्टी लागतात. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नको, आणि खेळाडूला चुकायची, पळून जायची, अगदी फितूर व्हायचीही मुभा हवी. आता सांगा, अफझलखानाच्या भेटीत वीस बाजूंच्या फाशावर १ पडला तर डंजन मास्टर काय करणार? गुपचूप फासा परत टाकणार! नाहीतर ग्रुप फुटेल. "महाराज पडद्यामागे ठेवू, आपण साधे मावळे होऊ" ही पळवाटही चालत नाही. हुकूम वरून येतो, निकाल माहीत असतो, बरोबर कोण हेही ठरलेलं. हा झाला पोवाडा. पोवाडा मलाही आवडतो, पण तो ऐकताना कुणी फासे टाकत नाही.

मग कुठला काळ? सन १६००, अहमदनगर. ज्या चांदबीबीनं १५९५-९६ मध्ये किल्ला लढवला, ती फितुरीच्या संशयावरून आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आहे. किल्ला मुघलांनी घेतला, सुलतान कैदेत. आणि या गोंधळात मलिक अंबर उभा राहतोय. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राजघराण्यातला एक वारस शोधून परांड्याला गादीवर बसवतो आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना गनिमी काव्यानं जेरीस आणतो.

पार्टी जमवायला इथे बहाणा लागत नाही. हबशी, इराणी, दखनी, मराठा, गोव्याहून पळालेला फिरंगी गोलंदाज... सगळे नोकरीच्या शोधात. आज हे सरकार, उद्या ते. (आयटीवाल्यांना हे समजावून सांगायला नको :-)) कॅरेक्टर क्लासही तयार आहेत: शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. शिलेदाराला पगार जास्त, पण घोडा मेला की रोजीरोटी गेली.

जादू हवी? विजापूरला १५७० मध्ये 'नुजूम-उल-उलूम' हा सचित्र ग्रंथ झाला, त्यात ग्रह-तारे आहेत, मंत्र-तंत्र आहेत, शस्त्रंही आहेत. आणि ड्रॅगनच हवा असेल तर १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आठवा. तोंड सिंहाचं, जबड्यात हत्ती! आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे.

"पण यात आपलं काय?" हा आक्षेप येणारच. मालोजीराजे निजामशाहीच्याच चाकरीत होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं लढले, आणि त्यांचे सासरे लखुजी जाधवराव तेव्हा मुघलांकडे होते. जावई इकडे, सासरे तिकडे, आणि दोघांकडेही आपापली कारणं. शाळेत आपण हा काळ दोन ओळींत उरकला, म्हणून तो परका वाटतो, इतकंच.

खरं सांगायचं तर शिवकालाबद्दल आदर असेल, तर आधी हाच काळ खेळा. सगळे शहाणे लोक कुणा ना कुणाची नोकरी शोधत असताना 'स्वतःचं राज्य' ही कल्पना किती जगावेगळी होती, हे दहा सेशन स्वतः नोकऱ्या बदलल्यावर जितकं कळेल, तितकं पुतळ्याला हार घालून कळणार नाही.

असो. सुरुवात फुकट देतो: "किल्ला पडलाय. चार महिन्यांचा पगार थकलाय. परांड्याकडे एक हबशी सरदार माणसं गोळा करतोय म्हणतात. आणि मुघल रोख देतायत." टाका फासे!