जमीन रयतेची, वाट कोणाची?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वायोमिंग नांवाच्या डोंगराळ संस्थानांत चार शिकाऱ्यांनीं जमिनीच्या एका कोपऱ्यावर शिडी उभी करून पलीकडे पाऊल टाकलें, आणि त्या एका पावलाचा न्याय होण्यास चार वर्षें लागलीं. १८ मार्च २०२५ रोजीं तेथील दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टानें शिकाऱ्यांच्या बाजूनें निकाल दिला. त्यावर जमीनमालक कंपनीनें सुप्रीम कोर्टाकडे धांव घेतली, परंतु त्या कोर्टानें त्याच वर्षीं आक्टोबर महिन्यांत प्रकरण हातीं घेण्याचें नाकारलें. वरवर पाहणारास हा शिकारी लोकांचा क्षुल्लक तंटा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. जी वस्तु सर्वांची म्हणून कायद्यानें ठरली आहे, तिच्याकडे जाणारी वाट एका धनवानाच्या हातीं असली, तर ती वस्तु खरोखर कोणाची, हा प्रश्न या शिडीच्या पायऱ्यांवर उभा आहे. आणि तो प्रश्न कोणत्याही देशांतील रयतेस परका नाहीं.

हा वाद समजण्यास प्रथम तेथील नकाशा डोळ्यांपुढें आणला पाहिजे. इ. स. १८६२ त, यादवी युद्ध चालू असतां, अमेरिकन सरकारास देशाच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत आगगाडी न्यावयाची होती. तिजोरींत पैसा नव्हता, पण जमीन अपरंपार होती. ती ज्या मूळच्या रहिवाशांची होती त्यांस मात्र कोणी विचारलें नाहीं, हें येथें नमूद करून ठेवणें अवश्य आहे. रुळांच्या दोहों बाजूंस एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, चौकोन आंखून एकाआड एक चौकोन रेलवे कंपनीस बक्षीस द्यावा व मधले सरकारनें आपणाकडे ठेवावे, असा कायदा झाला. १८६४ त ही देणगी दुपटीनें वाढविण्यांत आली. आगगाडी आली म्हणजे सरकारी चौकोनांचीही किंमत चढेल व ते वसाहतवाल्यांस विकतां येतील, असा हिशेब होता. परंतु त्या थंड व कोरड्या मुलखांत शेती पिकेना. सरकारचे पुष्कळ चौकोन विकल्यावांचून राहिले, आणि कंपनीचे चौकोन कालांतरानें मोठमोठ्या पशुपालकांच्या व धनिकांच्या हातीं गेले. अशा रीतीनें बुद्धिबळाच्या पटासारखा मुलूख तयार झाला: एक घर सरकारी, त्याच्या चारही बाजूंस खासगी घरें. सरकारी घरांतून सरकारी घरांत जावयाचें तर उंटाच्या चालीनें, कोपऱ्यावरून तिरपेंच गेलें पाहिजे. आणि त्या कोपऱ्याला तर रुंदीच नाहीं!

मिसूरी संस्थानांतील सदर गृहस्थ २०२० व २०२१ सालीं वायोमिंगमधील एल्क मौंटन येथें शिकारीस गेले. शिकारीचा रीतसर परवाना त्यांच्याजवळ होता, व ज्या चौकोनांत शिकार करावयाची ते चौकोन सरकारी होते. दुसऱ्या वर्षीं तर त्यांनीं घडीची शिडी बरोबर नेली. हेतु इतकाच कीं, शेजारच्या खासगी जमिनीला किंवा तिच्या खांबांना स्पर्शही न होतां एका सरकारी चौकोनांतून दुसऱ्यांत उतरावें. यावर बेकायदा प्रवेशाची फौजदारी झाली, पण २०२२ सालीं स्थानिक ज्यूरीनें त्यांस निर्दोष ठरविलें. केवळ फौजदारीनें मालकाचें समाधान होणार नव्हतें. ‘आयर्न बार होल्डिंग्ज’ या मालक कंपनीनें दिवाणी दावा लावला, आणि अशा येण्याजाण्यामुळें आपल्या मिळकतीची किंमत ७० लक्ष डॉलरांहून अधिक घटते असें प्रतिपादन केलें.

वाचकांनीं या आंकड्याकडे नीट लक्ष द्यावें. शिकाऱ्यांनीं गवताची एक काडी मोडली नव्हती, कुंपणाची तार तोडली नव्हती. मग ७० लक्ष डॉलर कशाचे? कंपनीनें जी जमीन विकत घेतली तिची किंमत तिनें दिली होतीच. परंतु मधल्या सरकारी चौकोनांत दुसऱ्या कोणास येतां येत नाहीं, म्हणून ते जणूं आपलेच आहेत, या समजुतीचीही किंमत तिच्या हिशेबांत धरलेली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच प्रकार! ज्या वस्तूचा सारा भरला नाहीं, जिचें खरेदीखत नाहीं, तिच्या उपभोगाचा मक्ता केवळ शेजारामुळें आपणास मिळाला, आणि तो मोडला तर नुकसानभरपाई द्या, अशी ही मागणी होती.

आतां कायद्याची बाजू पाहूं. मालकाचा मुख्य आधार असा कीं, ज्याची भूमि त्याचें वरचें आकाशही. म्हणून कोपऱ्यावरून जातांना शिकाऱ्याचा खांदा खासगी हवेंतून गेला हाच बेकायदा प्रवेश. हें सूत्र जुनें आहे खरें; पण विमानांच्या युगांत तें अक्षरशः चालणार नाहीं, असें अमेरिकन सुप्रीम कोर्टानें १९४६ सालींच म्हटलें आहे. दुसरा आधार अधिक बळकट होता. १९७९ च्या ‘लिओ शीप’ खटल्यांत त्याच सुप्रीम कोर्टानें ठरविलें होतें कीं, १८६२ च्या देणगींत सरकारनें रस्ता बांधण्याचा हक्क गर्भितपणें राखून ठेवला होता असें मानतां येत नाहीं. खासगी चौकोनांवरून रस्ता काढावयाचा तर मोबदला दिला पाहिजे. हा निकाल आमच्या मतें अगदीं रास्त होता. सरकारनें एकदां दिलेलें दान पुढें सोयीप्रमाणें कमी करूं नये.

परंतु रस्ता बांधणें वेगळें, आणि जमिनीस न शिवतां एक पाऊल टाकणें वेगळें. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर १८८५ च्या कायद्यांत आहे. त्या काळीं बडे पशुपालक सरकारी कुरणांस कुंपणें घालून गरीब मेंढपाळांस व वसाहतवाल्यांस हुसकून लावीत. म्हणून कुंपणानें, धाकदपटशानें किंवा अन्य कोणत्याही गैर उपायानें सार्वजनिक जमिनीवर जाण्यास कोणासही अडथळा करूं नये, असा निर्बंध कायदेमंडळानें घातला. एका मालकानें मोठी युक्ति लढविली होती: सगळीं कुंपणें आपल्याच चौकोनांत बांधलीं, पण अशा बेतानें कीं सुमारें २०,००० एकर सरकारी जमीन आंत कोंडली जावी. १८९७ सालीं सुप्रीम कोर्टानें ती युक्ति चालू दिली नाहीं. अपील कोर्टानें २०२५ सालीं हाच धागा पुढें नेला. वायोमिंगच्या स्थानिक कायद्याप्रमाणें कोपरा ओलांडणें हा दिवाणी अपराध ठरेल हें कोर्टानें मान्य केलें. पण त्या कायद्याचा उपयोग करून सार्वजनिक जमीन कोंडून ठेवणें म्हणजे तारेविना घातलेलें कुंपणच होय, आणि १८८५ चा कायदा तें होऊं देत नाहीं, असें सांगितलें. खासगी जमिनीस प्रत्यक्ष स्पर्श न झाला म्हणजे पुरे.

येथें अमेरिकेंतील शिकारीच्या कायद्याचें एक वैशिष्ट्य सांगितल्यावांचून पैशाचा उलगडा होत नाहीं. इंग्लंडांत शिकार हा राजाचा व जमीनदाराचा हक्क समजला जाई. १७२३ च्या कायद्यानें तर तोंड काळें करून व हत्यार घेऊन राजाच्या रानांत हरणें मारणारास देहांत शिक्षा सांगितली होती. अमेरिकेनें ही परंपरा टाकून दिली. तेथें रानांतील प्राणी कोणा जमीनदाराचे नव्हत. संस्थानानें ते सर्व जनतेकरितां विश्वस्त म्हणून सांभाळावयाचे असतात. त्यांच्या संगोपनाचा मोठा भार शिकारीच वाहतात: परवान्यांची फी आहेच, शिवाय १९३७ च्या कायद्याप्रमाणें बंदुका व काडतुसें यांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या रक्षणार्थ संस्थानांस वांटला जातो. म्हणजे हरीण मालकास विकतां येत नाहीं. पण फाटक विकतां येतें! टेक्सस संस्थानांत शेंकडा ९० हून अधिक जमीन खासगी असल्यामुळें तेथें हंगामी पट्ट्यानें शिकारीची जमीन घेण्याची चाल सर्रास आहे. ज्याच्याजवळ पैसा तो आंत, ज्याच्याजवळ नाहीं तो रस्त्यावर.

परंतु न्यायाच्या तागडींत दुसरें पारडेंही पाहिलें पाहिजे. आम्ही खासगी मिळकतीचे शत्रु नव्हों. हिंवाळ्यांत एल्कांचे कळप खासगी कुरणांत उतरतात, गंजींतील गवत खातात, कुंपणें मोडतात. त्याची झळ जनतेस नव्हे, मालकास लागते. बेफिकीर शिकारी फाटकें उघडीं टाकतात, गुरांस भेवडावतात. मांसाचा भाव उतरला तर शिकारीच्या पट्ट्याचें उत्पन्न कित्येक कुळांस तारतें. तें नसेल तर जमिनीचे तुकडे पडून तेथें बंगले उठतील, आणि मग हरीणही नाहीं व शिकारीही नाहीं. ज्यानें आपली जमीन राखली, त्यानें आपल्या जमिनीवर येणारापासून फी घ्यावी यांत आम्हांस अन्याय दिसत नाहीं. अन्याय तेथें सुरू होतो, जेथें तो आपल्या जमिनीचें भाडें न घेतां जनतेच्या जमिनीचा जकातदार होऊन बसतो. हा भेद विसरला कीं दोन्ही पक्ष आंधळे होतात.

या दोहोंमधून मार्ग काढणारीं संस्थानेंही आहेत. माँटाना संस्थानानें १९८५ पासून अशी योजना चालविली आहे कीं, मालकानें आपली जमीन शिकाऱ्यांस खुली करावी व संस्थानानें परवान्यांच्या उत्पन्नांतून त्यास मोबदला द्यावा. कॅन्सस संस्थानानेंही १९९५ पासून तोच कित्ता गिरविला. शिकाऱ्यास फाटकाशीं घासाघीस करावी लागत नाहीं, मालकाचा मान राहतो, आणि गरिबास श्रीमंताइतकीच संधि मिळते. यांत उणीव इतकीच कीं सगळा व्यवहार मालकाच्या मर्जीवर असतो; कोणी धनिक पट्टेदार अधिक रकमेची थैली घेऊन आला कीं मालक योजनेंतून बाहेर पडण्यास मोकळा.

म्हणून वरील निकालानें सर्व कांहीं साधलें असें समजून स्वस्थ बसतां येणार नाहीं. त्याचा अंमल दहाव्या सर्किटांतील सहा संस्थानांपुरता. माँटाना, आयडाहो हीं त्या बाहेर आहेत. कोपऱ्यांनीं अडलेली सार्वजनिक जमीन पश्चिमेकडे ८० लक्ष एकरांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. ज्या सरकारी जमिनीस कोपराही उपलब्ध नाहीं, चहूंकडून खासगीच वेढा आहे, तेथें शिडी काय करणार? तेथें मोबदला देऊन वाट विकत घेणें हाच सरळ उपाय. १९६५ सालीं स्थापन झालेल्या भूमि व जल निधीस २०२० च्या कायद्यानें दरसाल ९० कोटि डॉलरांची कायमची तरतूद झाली आहे, तिचा विनियोग येथें व्हावा. आणि मूळ वस्तूच नाहींशी होऊं नये म्हणून सावध राहिलें पाहिजे. २०२५ च्या उन्हाळ्यांत सिनेटर माइक ली यांनीं लक्षावधि एकर सार्वजनिक जमीन विकण्याची योजना अंदाजपत्रकाच्या बिलांत घातली होती. शिकारी व निसर्गप्रेमी अशा दोन्ही गोटांतून एवढा गिल्ला झाला कीं जून अखेरीस ती त्यांस मागें घ्यावी लागली.

आमच्या देशांत १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद झाली आहे, व ती पुनः सुरू व्हावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु हक्क व वाट यांमधील अंतर महाराष्ट्रास दुसऱ्या कोणीं शिकवावयास नको. १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलानें सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला, १९२४ सालीं महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता, आणि पुढें हायकोर्टाचा निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडलें. छंदाकरितां रानांत जाणें आणि माणूस म्हणून पाणी पिणें यांची तुलना करणें हा अविवेक होईल. पण नियम एकच आहे. तळ्याची मालकी सरकारदरबारीं कोणाची लिहिली आहे यापेक्षां काठाशीं कोण उभा आहे, यावर हक्काचें मोल ठरतें. आज आमच्या खेड्यापाड्यांतून गायरानांचे, पाणंदींचे व नदीकांठांचे लचके तोडले जात आहेत, तेथेंही हीच कसोटी लावून पाहावी.

सार्वजनिक मिळकत राखावयाची तर सातबारावर सरकारचें नांव असणें पुरेसें नाहीं. कायद्यानें हक्काबरोबर वाटही दिली पाहिजे, वाटेसाठीं कोणाची जमीन घ्यावी लागली तर त्याचा मोबदला चोख दिला पाहिजे, आणि वाट अडविणारास तो कितीही धनाढ्य असो जाब विचारला पाहिजे. वायोमिंगच्या ज्यूरीनें व न्यायाधीशांनीं यांतील शेवटचें काम केलें. पहिलीं दोन कामें कायदेमंडळाचीं आहेत, आणि तीं करून घेणें हें लोकांचें काम आहे.