'तांबडी चामडी' पेठच्या मांडवात पोचलं, आमची गाणी घाटातच का अडकतात?

गेल्या उन्हाळ्यात पेठला एका हळदीला गेलो होतो. डीजेवाल्याने आधी पावरीच्या चालीवरची दोन-तीन गाणी वाजवली आणि मग 'तांबडी चामडी' लावलं. दहा-बारा वर्षांची पोरंसुद्धा एक शब्द न चुकता म्हणत होती! सावळ घाटात मोबाईलची रेंज जाते-येते आणि क्लब इथं कुणी पाहिलेलाही नाही. मग हाऊस म्युझिक इथं आलं कसं?

आधी गाणं समजून घेऊ. क्रेटेक्स, म्हणजे निर्माता-डीजे कृणाल घोरपडे, आणि रॅपर श्रेयस सागवेकर या जोडीने ते २०२४ मध्ये आणलं. बाहेर काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. २०१७ पासून वॉर्नर म्युझिकच्या मालकीची असलेली ही डान्स म्युझिकमधली मोठी कंपनी. तिच्या यादीतलं हे पहिलं मराठी गाणं.

हाऊसचा सांगाडा सोपा असतो. १९८० च्या दशकात शिकागोच्या क्लबांमध्ये हा प्रकार जन्मला. प्रत्येक मात्रेवर एक ठोका, चारही सारखे, आणि वर छोटे तुकडे पुन्हा पुन्हा. यात लांब, अर्थपूर्ण ओळी बसत नाहीत. इथे मराठी कामाला आली असं मला वाटतं. नुसतं शीर्षक म्हणून बघा: त, ब, ड, च, म, पुन्हा ड. 'ड' म्हणजे जवळजवळ हलगीवरची थाप. तांबडं म्हणजे लाल हे माहीत नसलं तरी जीभ नाचते. "याला काय अर्थ आहे?" असं आमच्या काकांनी विचारलंच. अर्थ शोधायला गेलात तर हे गाणं हाती लागणार नाही.

आता त्याचा प्रवास. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले. तेव्हापासून गाण्याचा पहिला श्रोता म्हणजे १५-२० सेकंदांचा तुकडा. त्याच २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' याच वाटेने देशभर गेलं. चाल अगदी वेगळी, रस्ता तोच.

पण या रस्त्यावर एक टोलनाका आहे, तो दिसत नाही. कंपनी किंवा डिस्ट्रिब्युटर गाणं देतो तेव्हा सोबत आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी-अंकी क्रमांक असतो, म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्डच. शिवाय प्लॅटफॉर्म आवाजाचा ठसा काढून ठेवतात: कोणत्या क्षणाला कोणत्या स्वरांची उंची जास्त, याचा नकाशा. तुम्ही रीलमागे तेच गाणं लावलं की ठसा जुळतो आणि नोंद मूळ मालकाच्या नावावर होते. यूट्यूबवर हेच काम २००७ पासून कंटेंट आयडी करतं.

ठसा नोंदलेलाच नसेल तर? रीलखाली 'ओरिजिनल ऑडिओ' येतं आणि पुढे नाव येतं अपलोड करणाऱ्याचं. आमच्या गावातल्या एका मित्राने कोकणा बोलीत, पावरी वाजवून घेऊन गाणं केलं. कुठल्याशा पेजने ते उचलून टाकलं. रील्स त्या पेजच्या नावावर वाढल्या, मित्राच्या चॅनेलवर कुणी फिरकलं नाही. चोरी त्या पेजची, पण नोंदणी आम्हीही केली नव्हती.

मांडवातल्या वाजण्याचा हिशोब तर कुठेच नाही. पेनड्राइव्हवरची फाईल कोण मोजणार? आणि कायद्यानेही लग्नाची वरात व त्यासंबंधीचे समारंभ कॉपीराइटच्या भंगातून वगळलेत (१९५७ चा कायदा, कलम ५२). ते योग्यच आहे, नाहीतर वरातीमागे बिलवाला फिरला असता. पण मग कलाकाराला उरतं फक्त ऑनलाइन. तिथेही स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम, आणि २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच नाहीत. क्रेटेक्ससाठी हा आकडा किरकोळ असेल. कोकणा बोलीतल्या गाण्यासाठी तो डोंगर आहे, त्यात ऐकणारे अर्धे दुसऱ्याच्या पेजवर गेलेले.

म्हणून आम्ही या वेळी आधी डिस्ट्रिब्युटर धरला. काही वर्षाला फी घेतात, काही कमाईतला वाटा. आम्ही वाटा देणारा निवडला, कारण खिशात काही नव्हतं. मित्राने नवीन गाण्यात यूट्यूबवरचा 'फ्री बीट' घेतला होता, तो काढायला लावला. बहुतेक वेळा तो कमाई नसेल तोवरच फ्री असतो, नंतर बीटवाल्याचा क्लेम येतो.

फॉर्म जवळजवळ भरून झालाय. पावरी वाजवणाऱ्या बाबांचं नाव वादक म्हणून टाकलं. संगीतकाराच्या रकान्यात मी 'पारंपरिक' लिहा म्हणतोय, मित्र म्हणतो की चाल बाबांनी वळवलीय, त्यांचंच नाव हवं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्या बापाचं टाका."