फोर-के घेण्याआधी

फोर-के मॉनिटरवर गेम चौपट छान दिसतो का? पेडण्याचा माझा भाचा पहिला पगार त्यावर घालायला निघालाय, आणि सल्ला मागितलाय डिचोलीच्या मामाकडे, म्हणजे माझ्याकडे. असा प्रश्न तुमच्याही घरात असेल, म्हणून हिशेब इथेच मांडतो.

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख पिक्सेल असतात. क्यूएचडीवर ३७ लाख, तर फोर-केवर ८३ लाख. फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला ते सगळे रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. भाच्याकडे आहे जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. नवे गेम ते फुल एचडीवरच धापा टाकत चालवतं. फोर-केवर चित्र रेखीव होईल, पण अडखळेल. रिझोल्यूशन उतरवूनच खेळायचं, तर जादा पैसे कशाला?

घरबसल्या फुकट परीक्षा घेता येते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये डीएसआर ४ पट करा आणि गेममध्ये ३८४० × २१६० निवडा. पडदा जुनाच, पण कार्ड फोर-केचं ओझं उचलतं. सेकंदाला ६० फ्रेम टिकल्या, तर खुशाल घ्या. फारच घसरल्या, तर आधी कार्डासाठी पैसे जमवा.

भाच्याला मी सांगितलं, "बाबा, सध्या २४ इंची फुल एचडीच घे, पण १४४ हर्ट्झचा. तुझा व्हॅलोरंट त्यावर सुरळीत धावेल. २७ इंची हवा असेल, तर मात्र क्यूएचडी. एवढ्या पडद्यावर फुल एचडी भरड दिसतं. आणि उरलेल्या पैशांतून आईला काहीतरी घे!"