सरांचे मौन आणि शिफारसपत्र



धाकटीने परदेशी शिक्षणासाठी सरांकडे शिफारसपत्र मागितले. तीनदा लिहिले, उत्तर नाही. मुदत पंधरा दिवसांवर आली. तिची आई म्हणते, "मोठ्या माणसाच्या किती पाया पडायचे?"

अहो, ही भीक नव्हे! बाबासाहेब लंडनला गेले, तेव्हा कोलंबियाचे प्रा. सेलिग्मन यांनी लंडनच्या प्रा. फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिले होते.

पोरीला म्हटले, तास सुटताच सरांना गाठ. गुणपत्रिका, तू केलेले काम, शेवटची तारीख, सारे एका पाकिटात दे. 'जमेल की नाही' एवढे स्पष्ट विचार. नाही म्हणाले तर दुसऱ्या बाईंकडे जायला दिवस तरी उरतील. (सर विसरलेही असतील, शंभर पोरे असतात.)

उद्या जाणार आहे. मी अर्धी रजा टाकली आहे, फाटकापर्यंत सोबत.