परदेशी गेली म्हणून परकी झाली?



औंढा नागनाथ आणि आसपासच्या गावांत आमचे काम सोयाबीन-हळद पिकवणाऱ्या घरांतल्या बायकांमध्ये चालते. या घरांतल्या काही मुली आता लग्नामुळे किंवा नोकरीमुळे अमेरिकेत, आखातात राहतात. वडील गेले की सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ येते आणि अशा मुलीला फोन जातो, "तू आता परदेशी. परदेशी माणसाला भारतात शेती ठेवता येत नाही, कायदाच आहे. हक्कसोडपत्रावर सही करून टाक." मुलगी घाबरते आणि सही करते. गेल्या काही वर्षांत अशी प्रकरणे आमच्याकडे वारंवार येऊ लागली आहेत, म्हणून हा विषय या अंकात घ्यावासा वाटला.

फोनवर सांगितले जाते ते अर्धे खरे असते. परदेशात राहणाऱ्या परकीय नागरिकाला, तो भारतीय वंशाचा नसेल तर, एरवी इथे जमीन-घर विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याने मात्र जागा घेता येते. परदेशी राहणारा भारतीय नागरिक किंवा ओसीआय कार्ड असलेली व्यक्ती घर, दुकान विकत घेऊ शकते. पण शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत घेऊ शकत नाही. असे निर्बंध अनेक देशांत आहेत. बाहेरच्या पैशाने जमिनी गिळंकृत होऊ नयेत ही त्यामागची एक रास्त काळजी असते. कधी मात्र त्यामागे निव्वळ द्वेष असतो. कॅलिफोर्नियाने १९१३ आणि १९२० मध्ये केलेल्या कायद्यांनी आशियाई शेतकऱ्यांना आधी जमिनीची मालकी आणि मग खंडाने कसणेही नाकारले. १९२३ नंतर तिथले भारतीय शेतकरीही त्यात भरडले गेले.

आता न सांगितलेले अर्धे. आपला परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे 'फेमा', त्याच्या कलम ६(५) मध्ये स्पष्ट म्हणतो की भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेली स्थावर मालमत्ता परदेशी राहणाऱ्याला ठेवता येते. शेतजमीनही त्यात आली. बंदी विकत घेण्यावर आहे, वारशावर नाही. अशी शेती विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढेच बंधन. शिवाय आपल्याकडच्या कूळकायद्यामुळे घेणारा सहसा शेतकरी असावा लागतो.

हिंदू वारसा कायद्यात तर नागरिकत्वाचा प्रश्नच नाही. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्राने २००५ मध्ये सर्वच मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या वगळल्या. २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकले. मुस्लिम भगिनींचा वाटा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतो, पण फेमा सर्वांना एकच.

मग प्रश्न उरतो तो असा. याच घरातला मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, तिथले नागरिकत्व घेतले, तरी त्याचे नाव सातबाऱ्यावर बिनबोभाट लागते. त्याला कुणी फेमा सांगत नाही. कायदा एकच, विमानही एकच. भाऊ मात्र वारस राहतो आणि बहीण परकी होते. जिंतूरला किंवा वसमतला दिलेली बहीण तरी कुठे वारस मानली जाते? मुलगी परक्याचे धन हे आपण आधीच ठरवलेले असते. परदेश हे त्याला मिळालेले नवे निमित्त.

एखादीला आपला वाटा भावाला द्यावासा वाटेल. त्याने आईवडिलांचे केले असेल, कर्ज फेडले असेल, किंवा तिला माहेर तुटायला नको असेल. तो तिचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण खोट्या कायद्याच्या धाकाने घेतलेली सही म्हणजे निर्णय नव्हे.

कागद हलक्या हाताने करू नयेत याचा एक मोठा दाखला आहे. एका परदेशी विधवेने बंगलोरमधील आपल्या मालमत्तेचा काही भाग १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या परवानगीविना बक्षीस दिला होता. त्या वेळच्या 'फेरा' कायद्यात ती परवानगी सक्तीची होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी, तो व्यवहार बेकायदा ठरवला. 'फेरा' आता राहिला नाही, पण धडा जुना झालेला नाही.

आपल्या गटांनी काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. वारस नोंदीच्या अर्जात सगळ्या मुलींची नावे आहेत ना, ते पाहा. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीची मुदत असते, ती चुकवू नका; तरीही नोंद झालीच तर घाबरू नका, फेरफाराने मालकी ठरत नाही. सातबारा आता महाभूलेखवर परदेशातूनही पाहता येतो. मुखत्यारपत्र द्यायचेच तर ते वारस नोंदीपुरते द्या, विक्रीचा आणि हक्कसोडीचा अधिकार त्यात घालू नका. ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे करावे आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. जमीन भावाने बटईने कसावी, नाव मात्र दोघांचे राहावे, असेही करता येते.

गावोगावच्या बैठकांमध्ये हे वाचून दाखवा. आणि ज्या घरची मुलगी दूर आहे, त्या घरच्या आईला आवर्जून बोलवा. फोन बहुतेक वेळा तिच्याच तोंडून करवला जातो.